वृत्तवाहिन्यांची मोजदाद आणि प्रेक्षकांचा पक्ष

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शताब्दीच्या व्याख्यानमालेतील एक सायंकाळ संख्याशास्त्राच्या एका निवृत्त अध्यापकाच्या स्वाधीन करावी, हा आपल्या कार्यकारिणीचा निर्णय धाडसाचाच म्हणावा लागेल. विषय विचारण्यासाठी कार्यवाह घरी आले, तेव्हा मी "दूरचित्रवाणीवरील बातम्या" असे उत्तर दिले. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग हळूच म्हणाले, "सर, ग्रंथालयाच्या शताब्दीला दूरचित्रवाणी?" त्यांचा संकोच मला समजतो. ज्या पेटीने आपल्या सायंकाळच्या वाचकांना घरी बसवले, तिचे कौतुक या सभागृहात कशाला, असे आणखीही काही जणांना वाटत असेल. मी कौतुक करण्यासाठी उभा राहिलेलो नाही. वृत्तवाहिनी किती जण पाहतात हे मोजण्याची जी पद्धत जगभर रूढ झाली, तिने बातमीचे आणि पाहणाऱ्याचे काय केले, एवढेच मला मांडायचे आहे. त्याच जातीची एक मोजदाद आपल्या वाचनकक्षातही एकदा झाली होती आणि ती माझ्याच हातून झाली होती. तिच्याविषयी शेवटी बोलेन. त्याआधी मात्र आपल्याला थोडे दूर, अमेरिकेत जावे लागेल, कारण हा प्रकार तेथे जितका स्पष्ट दिसला तितका अन्यत्र दिसलेला नाही.

२०२० साली मी आणि माझी पत्नी मुलीकडे ओहायो राज्यात होतो. मार्चमध्ये परतायचे होते, पण साथ आली, विमाने बंद झाली आणि पुढे मुलीने आम्हांला आग्रहाने ठेवून घेतले. त्यामुळे त्या वर्षीची अध्यक्षपदाची निवडणूक आम्ही तेथूनच पाहिली. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत. स्वभावाने अत्यंत सज्जन. बर्फ पडले की आमच्या दारापुढचेही उपसून देत. त्यांच्या बैठकीच्या खोलीत सकाळपासून रात्रीपर्यंत फॉक्स न्यूज ही एकच वाहिनी चालू असे. मुलीच्या दुसऱ्या बाजूच्या घरात तेवढ्याच निष्ठेने एमएसएनबीसी चालत असे. दोन्ही घरांतील माणसे एकाच दुकानातून भाजी आणीत, एकाच शाळेत त्यांची नातवंडे जात. पण ते एकाच देशात राहतात असे त्यांच्या बोलण्यावरून वाटत नसे.

निवडणूक ३ नोव्हेंबरला झाली. मतमोजणीच्या त्या रात्री, पूर्व किनाऱ्याच्या वेळेप्रमाणे ११ वाजून २० मिनिटांनी, फॉक्स न्यूजने ॲरिझोना राज्य जो बायडन यांनी जिंकल्याचे जाहीर केले. अन्य कोणत्याही मोठ्या वाहिनीने तोवर तसे म्हटले नव्हते. अंतिम मोजणीत बायडन तेथे १०,४५७ मतांनी विजयी ठरले. म्हणजे फॉक्सचा निष्कर्ष खरा निघाला. वृत्तसंस्थेच्या दृष्टीने ही मानाची गोष्ट. परंतु दोन-तीन दिवसांनी कुंपणापाशी भेटलेले आमचे शेजारी मला विश्वासघात झालेल्या माणसासारखे दिसले. "त्यांनीसुद्धा आमची साथ सोडली," असे ते म्हणाले. त्यानंतर त्यांच्या खोलीत न्यूजमॅक्स नावाची दुसरी, तुलनेने लहान वाहिनी दिसू लागली. बातमी चुकली असे त्यांचे म्हणणे नव्हते. ती आपल्या माणसांनी सांगावी, याचे त्यांना दुःख होते.

हे समजण्यासाठी मोजदाद कशी होते ते थोडे पाहिले पाहिजे. अमेरिकेत हे काम प्रामुख्याने नील्सन ही कंपनी करते. आर्थर नील्सन यांनी ती १९२३ मध्ये शिकागोला स्थापन केली. प्रथम दुकानांतील मालाच्या खपाची मोजणी, मग नभोवाणीच्या श्रोत्यांची आणि १९५० पासून दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांची. १९८७ मध्ये 'पीपल मीटर' आले. निवडलेल्या घरांत संचाला एक यंत्र जोडलेले असते आणि घरातील प्रत्येकाने पाहायला बसताना आपले बटण दाबायचे असते. काही हजार घरांवरून कोट्यवधींचा अंदाज कसा बांधता येतो, अशी शंका सामान्य माणसाला येते. संख्याशास्त्राला त्यात आश्चर्य नाही. आपल्या आया-आज्या शितावरून भाताची परीक्षा करीतच होत्या. फक्त शीत कोठून उचलायचे याचे भान हवे. पद्धतीत दोष नाही असे मी म्हणत नाही, पण माझा आक्षेप नमुन्याच्या आकारावर नाही.

माझा आक्षेप सरासरीवर आहे. वाहिनीचे 'रेटिंग' म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो किती वेगवेगळ्या माणसांनी ती पाहिली याचा आकडा नसतो. एखाद्या सरासरी मिनिटाला तिच्यापुढे किती माणसे बसलेली होती, याचा तो आकडा असतो. हा फरक बारीक वाटतो, पण सगळी मेख त्यात आहे. समजा, सायंकाळच्या तीन तासांच्या पट्ट्यात एक मनुष्य पहिल्यापासून शेवटपर्यंत, म्हणजे १८० मिनिटे बसून राहिला. दुसरीकडे अठरा माणसे दहा-दहा मिनिटे बातम्या पाहून आपापल्या कामाला लागली. सरासरीच्या हिशेबात तो एक मनुष्य आणि ही अठरा माणसे यांचे वजन अगदी सारखे! आता वाहिनीच्या चालकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. अठरा समंजस, घाईत असलेल्या, दोन्ही बाजू जाणून घेऊ इच्छिणाऱ्या नागरिकांना जमवणे सोपे, की एका संतप्त माणसाला तीन तास खुर्चीला खिळवून ठेवणे सोपे? दहा मिनिटांत जगाची खबर नीट देणारी वाहिनी आपल्याच यशामुळे मोजणीत मागे पडते, कारण खबर मिळालेला मनुष्य उठून जातो. न उठणारा मनुष्य हवा असेल, तर त्याला माहिती देऊन भागत नाही. त्याला काहीतरी टोचत राहावे लागते.

हा वर्ग लोकसंख्येच्या मानाने किती लहान आहे हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. २०२० या निवडणुकीच्या वर्षी फॉक्स न्यूजचे सायंकाळचे सरासरी प्रेक्षक सुमारे ३६ लाख होते आणि केबलवरील बातम्यांच्या इतिहासातील तो तोपर्यंतचा उच्चांक होता. अमेरिकेची लोकसंख्या ३३ कोटींच्या आसपास. म्हणजे शंभरात एक. त्यातही प्रेक्षकांचे मध्यम वय साठीच्या बरेच पलीकडचे. (आपल्या सभागृहातील वयोमान पाहता हे वाक्य मी जरा हळू आवाजात उच्चारले पाहिजे होते.) शंभरांतील एकाच्या रागालोभावर उरलेल्या नव्व्याण्णवांच्या राजकारणाचा सूर ठरावा, हे प्रमाणाला धरून नाही. पण उमेदवार, पक्षांचे पुढारी आणि अन्य पत्रकार हेही त्या शंभरांतील एकामध्ये मोडतात, हे विसरून चालणार नाही.

आरंभी असे नव्हते. टेड टर्नर यांनी अटलांटाहून १ जून १९८० रोजी सीएनएन सुरू केली, तेव्हा चोवीस तास बातम्या हीच नवलाई होती. १९९१ च्या जानेवारीत बगदादवर बाँब पडू लागले आणि तेथील हॉटेलातून सीएनएनचे वार्ताहर बोलत राहिले, ते जगाने ऐकले. आपल्याकडे केबलच्या तारा गच्चीगच्चीवरून ओढल्या जाऊ लागल्या त्या त्याच सुमारास. पुढे १९९६ मध्ये जुलैत एमएसएनबीसी आली आणि ७ ऑक्टोबरला रुपर्ट मरडॉक यांची फॉक्स न्यूज आली; तिची घडण रॉजर एल्स यांनी केली. एल्स हे दूरचित्रवाणीचे जाणकार होते, तसेच रिपब्लिकन अध्यक्षांच्या प्रचाराचेही सल्लागार राहिलेले होते. इतर वाहिन्या उदारमतवाद्यांच्या बाजूला झुकलेल्या आहेत असे मानणारा मोठा प्रेक्षकवर्ग देशात आहे आणि त्याला कोणी वाली नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या या निदानात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. २००२ च्या आरंभी फॉक्सने सीएनएनला मागे टाकले. काही वर्षांनी एमएसएनबीसीने तोच धडा उलट दिशेने गिरवला. बाजारपेठेची वाटणी झाली.

आता पुन्हा २०२० च्या नोव्हेंबरकडे येऊ. आमचे शेजारी एकटे नव्हते. ७ डिसेंबर २०२० रोजी सायंकाळी सातच्या तासाला २५ ते ५४ या वयोगटात, ज्या वयोगटाचे आकडे जाहिरातदार पाहतात त्यात, न्यूजमॅक्सने फॉक्सला मागे टाकले. एका दिवसाचा एक तास आणि एक वयोगट. पण ज्या कचेरीत दररोज दुपारी आदल्या दिवशीचे आकडे येऊन पडतात, तेथे त्या एका तासाने काय झाले असेल याची कल्पना करा. जानेवारी २०२१ मध्ये तर फॉक्स, कित्येक वर्षांनी प्रथमच, सीएनएन आणि एमएसएनबीसी या दोघींच्या मागे गेली. दरम्यान मतदानयंत्रे बनवणाऱ्या डॉमिनियन या कंपनीने निवडणुकीत घोटाळा केला, असे आरोप फॉक्सच्या कार्यक्रमांतून होत राहिले. डॉमिनियनने मार्च २०२१ मध्ये १६० कोटी डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा दाखल केला. त्यात वाहिनीचे अंतर्गत संदेश न्यायालयापुढे आले. ज्यांच्या कार्यक्रमांतून हे आरोप घुमत होते, त्यांपैकी काही नामवंत सादरकर्त्यांचा स्वतःचा त्यांवर विश्वास नव्हता, हे त्यांतून दिसले. आणि प्रेक्षक दुरावत आहेत याची धास्ती पानोपानी दिसली. ३१ मार्च २०२३ रोजी न्यायाधीश एरिक डेव्हिस यांनी डॉमिनियनविषयीची ती विधाने खरी नसल्याचा निर्वाळा दिला. १८ एप्रिलला, सुनावणीला तोंड फुटण्याच्या वेळी, ७८ कोटी ७५ लाख डॉलरवर तडजोड झाली. ॲरिझोनाच्या निर्णयाचे पडद्यावर समर्थन करणारे राजकीय संपादक क्रिस स्टायरवॉल्ट यांची नोकरी त्याआधीच, जानेवारी २०२१ मध्ये गेली होती. वाहिनीने त्याला पुनर्रचना असे नाव दिले.

या प्रकरणातून लोक सामान्यतः एका मालकाच्या आणि एका वाहिनीच्या नीतीविषयी बोलतात. ते बोलावेच. पण मला त्यात दुसरे काही दिसते. प्रचार करणारी वाहिनी आणि भोळा प्रेक्षक, असे चित्र आपण मनाशी धरून बसलेलो असतो. येथे वाहिनीने खरे सांगितले, तेव्हा तिला शिक्षा कोणी केली? प्रेक्षकाने. चाबूक त्याच्या हातात होता. त्याला फक्त एक बटण दाबायचे होते. पंचवीस वर्षे ज्या प्रेक्षकाला वाहिनीने मनासारखे ऐकण्याची सवय लावली, तोच पुढे तिचा मालक होऊन बसला होता.

हे एका पक्षापुरते आहे असे कोणी समजू नये. २०१५-१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या सभा सीएनएन अथपासून इतिपर्यंत दाखवत राहिली, कारण त्यांना प्रेक्षक होता. इतक्या सभा दाखवणे ही चूक झाली, असे तिचे प्रमुख जेफ झुकर यांनीच पुढे मान्य केले. आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ट्रम्प पुन्हा निवडून आले, तेव्हा काय घडले पाहा. एमएसएनबीसीचा सायंकाळचा प्रेक्षकवर्ग पुढच्या काही आठवड्यांत जवळजवळ निम्म्यावर आला, सीएनएनचाही बराच घटला आणि फॉक्सचा वाढला. चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत फॉक्सच्या वाट्याला आले होते ते आता दुसऱ्या बाजूच्या वाट्याला आले. वास्तविक आपला पक्ष हरल्यावर नवे सरकार काय करते हे जाणून घेण्याची गरज अधिक. पण पराभूत संघाचे चाहते सामना संपण्याआधीच मैदान सोडतात, तसे हे प्रेक्षक उठून गेले. ते कोणत्या भावनेने वाहिनीपुढे बसत होते, हे यावरून कळते. (एमएसएनबीसीचे नावही आता ते राहिलेले नाही, नोव्हेंबर २०२५ पासून ती एमएस नाऊ या नावाने ओळखली जाते.)

मग वाहिनी प्रेक्षकाचे मत घडवते, की प्रेक्षक आपल्या मताची वाहिनी निवडतो? दोन्ही, असे उत्तर सुचते. पण किती प्रमाणात, हे काढणे अवघड. फॉक्सचे प्रेक्षक रिपब्लिकनांना मते देतात एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. स्टॅनफर्डच्या ग्रेगरी मार्टिन आणि अली युरुकोग्लू यांनी यावर जी युक्ती काढली, तिला शिक्षक म्हणून मला दाद द्यावीशी वाटते. केबलवर कोणती वाहिनी कोणत्या क्रमांकावर दिसावी, हे गावोगावचा केबलचालक ठरवतो आणि त्याचा तेथल्या राजकारणाशी काही संबंध नसतो. पण क्रमांक लहान असेल तर बटणे दाबता दाबता माणूस तेथे अधिक थांबतो. म्हणजे काही गावांत केवळ क्रमांकाच्या योगायोगाने फॉक्स अधिक पाहिली जाते. त्या गावांतील मतदान तपासून त्यांनी २०१७ मध्ये निष्कर्ष मांडला की, क्रमांकामुळे आठवड्याला अडीच मिनिटे जास्त पाहू लागलेल्या प्रेक्षकांत रिपब्लिकन मतांचे प्रमाण ०.३ टक्का बिंदूंनी वाढले. आकडा किरकोळ दिसतो. पण अडीच मिनिटांचा परिणाम एवढा, तर दिवसाचे चार तास बसणाऱ्यांचे काय, असा विचार मनात येतोच. अर्थात असा त्रैराशिकाचा हिशेब येथे लावता येत नाही, हेही मी लगेच सांगून टाकतो.

याहून मला हलवून गेला तो दुसरा प्रयोग. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला या दोन अभ्यासकांनी सप्टेंबर २०२० मध्ये फॉक्सच्या काही नियमित प्रेक्षकांना तासाला १५ डॉलर देऊन, आठवड्याला सात तासांपर्यंत, सीएनएन पाहायला लावली. महिनाभरानंतर त्यांनी पक्ष बदलला नाही, पण साथीविषयी आणि इतर काही प्रश्नांविषयी त्यांची माहिती आणि मते बदललेली आढळली. आपली नेहमीची वाहिनी काही गोष्टी सांगतच नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. एवढे वाचून मी आनंदाने पान उलटले. पुढे लिहिले होते की, पैसे देणे थांबले आणि ते प्रेक्षक पुन्हा जुन्या वाहिनीकडे परतले. बदललेली मतेही बव्हंशी ओसरली. वाहिनी काय सांगते यापेक्षा काय गाळते ते महत्त्वाचे, हा या अभ्यासाचा मुद्दा मला मोलाचा वाटतो, कारण गाळलेली गोष्ट प्रेक्षकाला आपण होऊन कधीच दिसत नाही.

आणि दिसली तरी काय होते? १९८२ च्या बेरूतमधील साब्रा आणि शतीला येथील हत्याकांडाच्या बातम्यांची तीच चित्रफीत स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांना दाखवली होती. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात इस्रायलच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना बातम्या इस्रायलविरोधी वाटल्या आणि अरबांच्या बाजूच्यांना त्याच बातम्या अरबविरोधी वाटल्या. तेव्हा 'मला निःपक्षपाती वाहिनी हवी' असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनात नेमके काय असते, हे प्रत्येकाने स्वतःशी पडताळून पाहावे. मी पडताळले आहे. ते फारसे सुखावह नव्हते.

आपल्याकडचे चित्र फार निराळे नाही, म्हणून त्यावर अधिक वेळ घेत नाही. येथे हे काम बार्क ही संस्था करते. २०२० मध्ये सुमारे ४४ हजार घरांतील यंत्रांवरून दूरचित्रवाणी असलेल्या जवळजवळ २१ कोटी घरांचा अंदाज बांधला जात होता. म्हणजे पावणेपाच हजार घरांमागे एक घर. मालिकांसाठी एवढा नमुना पुरतो. पण वृत्तवाहिनीचा प्रेक्षक मुळात थोडा, त्यामुळे मोजक्या घरांनी बटण इकडचे तिकडे केले तरी क्रमवारी हलते. मोजणीच्या घरांना पैसे देऊन विशिष्ट वाहिनी चालू ठेवायला सांगितले जाते, असा आरोप ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी केला. त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आठवड्याचे आकडे थांबवण्यात आले, ते २०२२ च्या मार्चमध्ये चार आठवड्यांच्या सरासरीच्या रूपात पुन्हा सुरू झाले. तो खटला पुढे २०२४ मध्ये न्यायालयाच्या परवानगीने शासनाने मागे घेतला. आणखी एक गोष्ट आपणा इंदूरकरांच्या करमणुकीसाठी सांगतो. मराठी वाहिन्यांचे जे आकडे प्रसिद्ध होतात ते महाराष्ट्र आणि गोवा या बाजारपेठेचे असतात. त्यामुळे आपण इंदुरात, ग्वाल्हेरीत किंवा बडोद्यात मराठी बातम्या पाहून कितीही संतापलो, तरी त्या हिशेबात आपली गणती नाही. मराठी वाहिन्यांना खूश करावयाचे नसलेले असे आपण प्रेक्षक आहोत.

आता आपल्या वाचनकक्षाकडे येतो.

पक्षाचे वृत्तपत्र ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. आपल्या ग्रंथालयाच्या आरंभीच्या वर्षांच्या वर्गणीच्या वह्या शताब्दीनिमित्त कपाटातून बाहेर काढल्या गेल्या, त्यांत टिळकांच्या परंपरेतील 'केसरी' आणि नेमस्तांचा म्हणून ओळखला जाणारा 'ज्ञानप्रकाश' अशी दोन्ही नावे एकाखाली एक आहेत. त्या काळचे सभासद काही समदर्शी नव्हते. पण टेबल एकच होते आणि एकाच्या हातात आपले पत्र असले की दुसऱ्याला वाट पाहताना समोर पडलेले विरुद्ध मताचे पत्र चाळावे लागे. कोणते पत्र किती वेळ कोणाच्या हातात होते, हे तेव्हा कोणी मोजले नव्हते.

ते मोजले मी. २००९ साली वर्गणीचा खर्च वाढला म्हणून महाराष्ट्रातून येणाऱ्या दैनिकांपैकी एक बंद करावे असे कार्यकारिणीत ठरले. कोणते, यावर वाद झाला. तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणालो की, वाद कशाला, मोजून पाहू. दोन आठवडे रोज सकाळी आठ ते अकरा मी वाचनकक्षात वही घेऊन बसलो. दर पंधरा मिनिटांनी टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोणाच्या हातात कोणते दैनिक आहे त्याची खूण करायची, अशी माझी पद्धत. तिचा मला अभिमान होता. बेरीज केली, तेव्हा एक दैनिक अगदी तळाला आले. योगायोग असा की, त्याचे राजकीय मत आपल्या बहुसंख्य सभासदांच्या मताविरुद्ध होते. मला ते दैनिक स्वतःलाही आवडत नसे. आकडे मिळाले, समाधान झाले, दैनिक बंद झाले.

पुढच्या महिन्यात रामबागेतून येणाऱ्या एक वृद्ध बाई मला भेटल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्या म्हणाल्या, "सर, मी ते रोज वाचत होते. उभ्यानेच वाचत होते. म्हणून तुमच्या वहीत आले नाही का?" मी त्यांना नमुन्याची पद्धत समजावून सांगितली, हे आठवले की आजही मला स्वतःची लाज वाटते. नंतर मी ग्रंथपालांशी बोललो. तेव्हा कळले की, ते दैनिक उभ्याने वाचणारे बरेच जण होते. ते घेऊन बसले की शेजारचा काहीतरी बोले, "अहो, तुम्हीसुद्धा हेच वाचायला लागलात?" म्हणून लोक जाता-येता ते उघडत, विरुद्ध बाजू काय म्हणते ते पाच-सात मिनिटांत पाहून घेत आणि ठेवून देत. बसण्याची वेळ मोजणाऱ्या माझ्या वहीत तळ ठोकून बसलेल्या चार निष्ठावंतांना जेवढ्या खुणा मिळाल्या, तेवढ्या या साऱ्या येणाऱ्याजाणाऱ्यांना मिळून मिळाल्या नव्हत्या. १८० मिनिटांचा एक मनुष्य आणि दहा मिनिटांची अठरा माणसे हे उदाहरण मी मघाशी दिले, ते मला अमेरिकेत सुचलेले नाही.

त्या बाई पुढे येईनाशा झाल्या. काही वर्षांनी त्या गेल्याचे कळले. आपण त्यांना गमावले ते त्या दैनिकामुळेच, असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. वयही झाले होते. पण एवढे खरे की, विरुद्ध मताचे पत्र रोज वाचणारी एक सभासद या ग्रंथालयाला होती आणि संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाला ती मोजता आली नाही.

ती वही मी आजवर घरी ठेवली होती. ती ग्रंथपालांच्या स्वाधीन केली आहे. शताब्दीच्या प्रदर्शनात ती ठेवावी की नाही हे त्यांनी ठरवावे. ते दैनिक अजून निघते, आणि अजूनही मला आवडत नाही. त्याची एका वर्षाची वर्गणी मी आज सकाळी कार्यवाहांकडे भरली आहे. पुढच्या वर्षापासून ती ग्रंथालयाने भरावी आणि टेबलावर त्याला पूर्वीची जागा द्यावी, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. त्याच्या वाचकांची मोजणी मात्र कोणी करू नये.